आई, मी बसमध्ये झोपते ना

ताई, नमस्कार.

आम्ही अमेरिकेत, सेंट्रल न्यू जर्सीत राहतो. लेक दहावीत आहे, म्हणजे इथली सोफोमोर. पुढच्या वर्षीच्या विषयांचा फॉर्म येत्या शुक्रवारनंतरच्या शुक्रवारी द्यायचा आहे आणि त्यावरून घरात रोज वाद चालू आहेत. तिने पाच एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीचे विषय, धरलेत: कॅलक्युलस बीसी, केमिस्ट्री, यूएस हिस्ट्री, इंग्लिश लँग्वेज आणि एन्व्हायर्नमेंटल सायन्स. शेवटचा आम्हीच सुचवला, सगळे म्हणतात सोपा आहे, जीपीएला, म्हणजे मार्कांच्या सरासरीला, बरा. शिवाय ती धावते. फॉलमध्ये क्रॉस कंट्री, हिवाळ्यात इनडोअर ट्रॅक, स्प्रिंगमध्ये परत ट्रॅक, म्हणजे उसंत नाहीच. सायन्स ऑलिम्पियाड या शाळांच्या विज्ञान स्पर्धेत आहे. त्यासाठी बेसमेंटमध्ये रात्री अकरा-अकरापर्यंत बाल्साच्या हलक्या लाकडाच्या काड्या चिकटवत बसते, कार्पेटवर गोंद सांडून ठेवलाय. मॉडेल यूएन (संयुक्त राष्ट्रांच्या सभेची नक्कल), समाजसेवेचा की क्लब आणि बिझनेसचा एक क्लब आहे. भरतनाट्यम नऊ वर्षं झालं, अकरावी संपल्यावरच्या उन्हाळ्यात अरंगेत्रम, म्हणजे तिचा एकटीचा पहिला जाहीर कार्यक्रम, करायचं म्हणून आम्ही हॉल बघतोय.

आत्ताच झोपायला साडेबारा होतात, सहाला उठते. परवा सकाळी सीरियलच्या वाडग्याशेजारी टेबलावर डोकं टेकून झोपलेली सापडली. मी ओरडले तर म्हणाली, "आई, मी बसमध्ये झोपते ना." मिस्टर म्हणतात धावणं बंद करा, रोजचे तीन तास वाचतील. पाच किलोमीटर २२ मिनिटांत धावणाऱ्याला कुठलं कॉलेज बोलावणार आहे? पुण्याला माझ्या भावाचा मुलगा जेईईसाठी सगळं सोडून बसलाय. इथल्या मराठी मंडळातल्या एकीच्या मुलाने बारा एपी केले. बाकीच्यांना जमतं, मग हिलाच का जमू नये? काय सोडू ते एकदा स्पष्ट सांगा.

– गोंधळलेली आई

नमस्कार.

तुमचं पत्र मी लाल पेन हातात घेऊन वाचलं. रागावू नका, अठरा वर्षं इथल्या एका हायस्कूलमध्ये गणित शिकवतेय, हातात कागद आला की खुणा केल्याशिवाय राहवत नाही. पाच एपी, धावणं, सायन्स ऑलिम्पियाड, तीन क्लब आणि नाच धरून पत्रात मोजून अकरा गोष्टी आहेत. मिस्टरांचं मत आहे, भावाचा मुलगा आहे, मंडळातला बारा एपीवाला आहे. लेकीचं स्वतःचं वाक्य एकच. मी त्याच्याखाली दोन रेघा मारल्या.

"आई, मी बसमध्ये झोपते ना." त्यातला तो 'ना' ऐका. ती तक्रार करत नाहीये, उलट तुमची समजूत घालतेय. झोपेचंही आपण बघितलंय, काळजी करू नकोस, असं सांगतेय. पंधरा वर्षांच्या मुलीने बाकी सगळं लावून झाल्यावर झोपेला कुठे बसवता येईल ते शोधलं आणि तिला पिवळ्या बसमधली वीस-पंचवीस मिनिटं सापडली. माझ्या पहिल्या तासाला अशी मुलं दर वर्षी असतात. हुशार, नम्र. पेन हातात असतं, वहीवर एक रेघ सुरू होते आणि खाली खाली घसरत जाऊन पानाबाहेर निघून जाते. त्या रेघेवरून मला कळतं कोण किती वाजता झोपलं.

तर आधी हिशेब करू. आठवड्याचे तास १६८, इथे एडिसनमध्येही तेवढेच आणि पुण्यातही तेवढेच. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ मध्ये १३ ते १८ वयाच्या मुलांसाठी रोज ८ ते १० तास झोप सांगितली. आपण साडेआठ धरू, म्हणजे आठवड्याचे साडेएकोणसाठ. शाळा ३५. बस ५. धावणं, शनिवारची मीट, म्हणजे शर्यती, धरून, साडेअठरा. जेवण, आंघोळ, केस, बूट शोधणं, तुमच्याशी वाद घालणं हे सगळं रोज अडीच तासांत बसवलं तरी साडेसतरा. एकूण एकशे साडेपस्तीस झाले. उरले साडेबत्तीस.

आता पुढच्या वर्षीचं. नीट केलेला एक एपी घरी आठवड्याला पाच-सहा तास घेतो. यूएस हिस्ट्रीचं वाचन त्याहून जास्त घेईल, पण सरासरी धरू. पाचांचे २७, बाकी विषयांचे ३, झाले ३०. सायन्स ऑलिम्पियाड ५, उरलेले तीन क्लब मिळून ५, नाचाचा क्लास आणि घरचा सराव ५. फोनचा रोज एक तास, तोही मी मोठ्या मनाने एकच धरलाय, म्हणजे ७. बेरीज ५२. हातात साडेबत्तीस आहेत. साडेएकोणीस तास कमी पडतात आणि ते कुठून येणार हे तुम्हाला मी सांगायला नको. सात रात्रींवर वाटले तर रात्रीचे पावणेतीन तास गेले, म्हणजे झोप साडेपाच-पावणेसहा तास. ही आजची स्थिती नाही, हा पुढच्या वर्षाचा तुमचा *बेत* आहे. आळस न करता, आजारी न पडता, सगळं ठरल्याप्रमाणे झालं तर. "बाकीच्यांना जमतं" याचं उत्तरही यातच आहे. बाकीच्यांनाही तास १६८च मिळतात. ती मुलं झोप विकून आणतात, नाहीतर यादीतली अर्धी कामं नावापुरती करतात. बारा एपीवाल्याला मी ओळखत नाही, पण तो किती वाजता झोपायचा हे गणपतीत आरतीच्या रांगेत त्याच्या आईला कुणी विचारलं होतं का? तिथे एपी किती एवढंच विचारतात. मी स्वतःही विचारलेलं आहे.

आता मिस्टरांच्या तीन तासांबद्दल. मला इथे माझाच कान धरायचा आहे.

माझा मुलगा पोहायचा. अकरावीत त्याला केमिस्ट्री जड जायला लागली आणि मी पोहणं बंद केलं. गणिताचीच बाई मी, दोन तास रोज गुणिले पाच, आठवड्याला दहा तास वाचले असं कागदावर मांडून दाखवलं. तो काही बोलला नाही. पहिल्या आठवड्यात अडीचला शाळा सुटून पावणेतीनला घरी आला आणि सोफ्यावर सहापर्यंत झोपला. मग जेवण, मग फोन, मग "जरा वेळाने बसतो" आणि पुस्तक उघडेपर्यंत साडेनऊ. झोपायला पूर्वीसारखाच एक. केमिस्ट्रीचा बी होता तो बी मायनस झाला. पोहायला जायचा तेव्हा त्याला माहीत असायचं की आपल्याकडे साडेसात ते साडेदहाच आहेत, म्हणून तो त्या वेळात कामाला लागायचा. सगळी संध्याकाळ रिकामी मिळाल्यावर तिला काठच उरला नाही. गाडीतला क्लोरीनचा वास मात्र महिन्याभरात गेला. तो वास गेल्याचं मला जाणवलं तेव्हा फार उशीर झाला होता, सीझनची टीम ठरून गेली होती.

आपल्या पिढीच्या हाडात एक गोष्ट भिनलेली आहे. दहावीचं वर्ष आलं की केबल काढायची, खो-खो बंद, मामाच्या लग्नालासुद्धा फक्त जेवायला जायचं. बारावीला परत तेच. मार्चमध्ये परीक्षा, जूनमध्ये निकाल, की सुटलो. एका परीक्षेसाठी एक वर्ष दात-ओठ खाऊन काढता येत होतं, कारण ते संपणार हे माहीत होतं. तुमचा भाचा आज तेच करतोय. त्याचा खेळ वेगळा आहे आणि त्याच्या जागी त्याचं कदाचित बरोबरही असेल. इथे नववीच्या पहिल्या दिवसापासून बारावीच्या हिवाळ्यापर्यंतचं सगळं ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रकावर, येतं. मोठा एक दिवस असा येतच नाही. चार वर्षं कुणी केबल काढून बसू शकत नाही आणि बसू नये. आपण आपल्या बोर्डाच्या वर्षाचं औषध चार वर्षांच्या दुखण्याला लावतो, तिथे घोळ होतो.

धावण्याने कॉलेज मिळणार नाही, हे मिस्टरांचं अगदी खरं आहे. २२ मिनिटांना कोच लोक फोन करत नाहीत. पण क्रॉस कंट्रीचं गणित त्यांना ठाऊक आहे का, विचारा. व्हर्सिटीत, म्हणजे शाळेच्या मुख्य टीमच्या शर्यतीत, टीमच्या सात मुली धावतात आणि पहिल्या पाचजणी कितव्या आल्या त्या आकड्यांची बेरीज होते. ज्यांची बेरीज सगळ्यांत कमी, ते जिंकले. म्हणजे पहिली आलेली मुलगी एकटी काहीच करू शकत नाही, सगळी टीम पाचवीची वाट बघत उभी असते. मी दोन-तीनदा होल्मडेल पार्कला मुलांच्या रेस बघायला गेलेय. तिथे 'बोल' म्हणून एक खोलगट उतार-चढाव आहे, जर्सीतल्या प्रत्येक धावणाऱ्या पोराला तो माहीत असतो. त्या चढावर बावीस-तेवीस मिनिटंवाल्या मुली येतात तेव्हा पुढच्या येऊन गेलेल्या असतात, फोटोवाले निघून गेलेले असतात आणि तरी काठावर चार मैत्रिणी घसा फोडून ओरडत असतात, कारण त्यांना ती पाचवी हवी असते. तुमच्या लेकीची दिवसभरात कुणीतरी अशी वाट बघतंय, अशी यादीतली ही एकच जागा आहे. शिवाय तिथे तिला कुणी जीपीए विचारत नाही. धावणं शेवटी काढा. खरं तर काढूच नका. तीन सीझनपैकी हिवाळ्याचा एक सोडून बघायची इच्छा असेल तर तिने स्वतः कोचशी बोलावं, बरीच मुलं हिवाळ्यात नुसतं स्वतःचं स्वतः धावतात.

मग काढायचं काय? पत्र परत बघा. धावण्याबद्दल तुम्ही तक्रारीत का होईना, दोन-तीन वाक्यं लिहिलीत. सायन्स ऑलिम्पियाडबद्दल काड्या, बेसमेंट, रात्रीचे अकरा, कार्पेटवरचा गोंद, सगळं आलं. पोरगी रात्री अकराला कुणी न सांगता बाल्साच्या काड्या एकेक मिलिमीटर तासून चिकटवत बसते आणि तुम्हाला दिसतो तो गोंद! कार्पेट बदलता येतं हो. मॉडेल यूएन, की क्लब आणि बिझनेसचा क्लब यांची मात्र तुम्ही नुसती नावं लिहिलीत. तिथे ती काय करते हे तुम्हालाही माहीत नाही, आणि माझा अंदाज असा की तिलाही फारसं सांगता येणार नाही. एक ना धड भाराभर चिंध्या म्हणतात त्यातल्या या चिंध्या. मैत्रीण गेली म्हणून गेली, पिझ्झा होता म्हणून थांबली, नाव यादीत राहिलं.

कॉमन ॲपवर, म्हणजे कॉलेज प्रवेशाच्या सामायिक अर्जावर, ॲक्टिव्हिटीच्या दहाच जागा असतात. वर्णनाला १५० अक्षरं, तीही मोकळ्या जागा धरून. आणि प्रत्येकासमोर विचारलेलं असतं: आठवड्याला किती तास, वर्षाला किती आठवडे. माझी मुलं बारावीत तो फॉर्म घेऊन बसतात तेव्हा मी त्यांचे चेहरे बघते. ज्याने एक गोष्ट मनापासून केली त्याला १५० अक्षरं पुरत नाहीत, तो "मिस, 'अँड' काढून '&' टाकू का?" विचारतो. ज्याने सात क्लबांत सह्या केल्यात तो १५० अक्षरं भरायला शब्द शोधत असतो. लेकीला आजच हा फॉर्म कोऱ्या कागदावर भरायला द्या. मॉडेल यूएनच्या ओळीत पेन अडलं तर तिचं तिलाच कळेल. एक पथ्य मात्र पाळा: सोडायचं ते जूनमध्ये, वर्ष संपताना. ऑलिम्पियाडसारख्या ठिकाणी टीम पंधराजणांची आणि बहुतेक इव्हेंट जोडीने असतात. जानेवारीत कुणी उठून गेलं तर जोडीदार उघडा पडतो. बाकीच्या क्लबांतही सरांना दोन ओळींची ईमेल तिनेच लिहायची, तुम्ही नाही.

एपीचं आता. एन्व्हायर्नमेंटल सायन्स काढा. विषय वाईट नाही, माझ्या शाळेत तो शिकवणारी बाई फार छान शिकवते आणि ज्याला त्यात रस आहे त्याने जरूर घ्यावा. पण तुमच्या घरात तो 'सोपा आहे' एवढ्याच कारणाने आलाय आणि सोप्या एपीलाही होमवर्क असतो, लॅब असते, मे महिन्यात परीक्षा असते. त्या परीक्षांचे दोन आठवडे आणि स्प्रिंग ट्रॅकच्या मोठ्या मीट यांची गाठ मे महिन्यातच पडते हेही लक्षात असू द्या. चार परीक्षा आणि पाच परीक्षा यांत तिथे जमीन-अस्मानाचा फरक पडतो. कॅलक्युलसबद्दल माझं मत विचारलं नाहीत, तरी देते. बीसीमध्ये एबीचं, म्हणजे त्याच्या खालच्या कोर्सचं, सगळं येतं, वर सिरीज, पोलर वगैरे, आणि वेग जास्त. प्रीकॅलक्युलस तिला आत्ता हसत-खेळत जात असेल तर बीसी राहू दे. दर चाचणीच्या आदल्या रात्री रडारड असेल तर एबी, आणि त्यात काही कमीपणा नाही.

"पण चार एपीच दिसले तर?" हा प्रश्न तुमच्या मनात आला असणार. कॉलेजकडे तुमच्या मुलीच्या अर्जाबरोबर शाळेच्या काउन्सेलरचा एक रिपोर्ट जातो. त्यात एक प्रश्न असतो: *या शाळेतल्या* कॉलेजला जाणाऱ्या बाकीच्या मुलांच्या तुलनेत हिने घेतलेले विषय कितपत कठीण होते? समोर चौकोन असतात, सर्वांत कठीण, खूप कठीण, कठीण, असे उतरत जाणारे, आणि काउन्सेलर त्यातल्या एकावर खूण करतो. एपीचे एकंदर विषय चाळीसच्या आसपास आहेत, सगळे कुठल्याच मुलाने करायचे नसतात. तेव्हा मंडळात विचारण्यापेक्षा काउन्सेलरची वेळ घ्या आणि त्याला सरळ विचारा, "चार एपी आणि बाकी ऑनर्स (एपीच्या खालची पातळी) घेतले तर तुम्ही कुठल्या चौकोनात खूण कराल?" बहुतेक ठिकाणी चार आणि पाचात चौकोन बदलत नाही. बदलत असेल तर निदान किंमत कळली. प्रश्न विचारताना लेक शेजारी हवी, आणि खरं म्हणजे तिनेच विचारायला हवा. सप्टेंबरमध्ये विषय बदलायची शेवटची तारीख काय असते तेही तेव्हाच विचारून ठेवा, ती शाळेशाळेत वेगळी असते आणि ती उलटली की ट्रान्सक्रिप्टवर डाग राहू शकतो.

आता अवघड जागेचं दुखणं. भरतनाट्यम.

तिच्या बाकीच्या कामांबद्दल तुम्ही 'ती' लिहिलंय. ती धावते, ती चिकटवते, ती झोपते. इथे मात्र लिहिलंत, "*आम्ही* हॉल बघतोय." मी तुम्हाला नाच सोडा म्हणणार नाही. नऊ वर्षं तुम्ही दर आठवड्याला गाडी काढून तिला नेलंत, पार्किंग लॉटमध्ये बसून पोळीचा रोल खाल्लात, ती नऊ वर्षं तुमचीही आहेत. तिच्या आजीला व्हिसा काढून आणायचं, पैठणी नेसून पहिल्या रांगेत बसवायचं, हे चित्र तुमच्या डोळ्यांसमोर असणार. पण अरंगेत्रम म्हणजे आधीचे सहा-आठ महिने रोजचा दोन-तीन तास सराव. तो बरोबर अकरावीच्या हिवाळ्या-उन्हाळ्यात, एसएटी ही कॉलेजची प्रवेश परीक्षा आणि एपी यांच्या डोक्यावर येतो, आणि कार्यक्रम नेमका त्या उन्हाळ्यात जेव्हा कॉलेजचे निबंध लिहायचे असतात. वर हिशेबात नाचाचे मी पाचच तास धरलेत, अरंगेत्रम धरलंच नाही. ते धरलं असतं तर झोपेचे पाचही उरले नसते. गुरूंशी बोला. बारावीनंतरच्या उन्हाळ्यात करा, तेव्हा कॉलेज ठरलेलं असतं, मुलं मोकळी असतात, आजीही एक वर्षाने पैठणी नेसेल. आणि लेकीला एकदा एकटीला गाठून विचारा, तिला करायचं आहे का. 'नाही' म्हणाली तर लगेच डोळ्यांत पाणी आणू नका. नाहीतर ती लगेच 'हो' म्हणेल, या पोरी फार सांभाळून घेतात आपल्याला.

एन्व्हायर्नमेंटल सायन्स, तीन क्लब आणि अरंगेत्रमची घाई काढून नाचाचा एकच क्लास ठेवला तर आठवड्याला साधारण बारा तास परत येतात. तरी सात-साडेसात कमी पडतातच, मी खोटं सांगणार नाही. म्हणजे झोप जेमतेम साडेसात तास. फोन रात्री दहाला स्वयंपाकघरात चार्जिंगला लावला, तिचा आणि तुमचा दोघींचाही, तर आणखी थोडी. यापेक्षा जास्त मी काही करू शकत नाही, कारण शाळेची घंटा साडेसातला होते. बालरोगतज्ज्ञांच्या अमेरिकन ॲकॅडमीने २०१४ मध्येच सांगितलं होतं की हायस्कूल सकाळी साडेआठच्या आधी भरवू नका. कॅलिफोर्नियाने कायदा करून जुलै २०२२ पासून ते बहुतेक शाळांना लावलंसुद्धा. आपण न्यू जर्सीवाले अंधारातच बसस्टॉपवर.

शाळा काही करत नाहीत असंही नाही. आपल्या शेजारच्याच वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोच्या शाळांमध्ये २०१५ साली सुपरिंटेंडेंट डेव्हिड ॲडरहोल्ड यांनी पालकांना भलं मोठं पत्र लिहून मुलांवरचा ताण समोर मांडला. हायस्कूलच्या मिडटर्म आणि फायनल परीक्षा काढून टाकल्या, काही रात्री होमवर्क नाही असं ठरवलं. तेव्हा पालकांत उभी फूट पडली आणि त्या फुटीच्या एका बाजूला आपल्यासारखे लोक बरेच होते, शिक्षणाचा दर्जा खाली आणतायत म्हणून चिडलेले. माझ्या ओळखीतल्या एका बाईंनी होमवर्क नसलेल्या रात्रीसाठी मुलाला वर्कबुक आणून दिलं. शाळेने दार उघडलं आणि आईने ते पायाने लावून घेतलं.

एक गोष्ट राहिली, ती कुणी बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. जर्सीत सतराव्या वर्षी प्रोबेशनरी लायसन्स, म्हणजे गाडी एकट्याने चालवायचा पहिला परवाना, मिळतं. म्हणजे अकरावी-बारावीच्या मध्ये कधीतरी तुमची लेक बसने जायची बंद होईल आणि गाडीने जायला लागेल. तेव्हा ती बसमध्ये झोपू शकणार नाही. सकाळी सात वाजता, पाच तास झोपलेली, स्टीअरिंगवर ती असेल. मिस्टरांना बाकीचं माझं काही पटलं नाही तरी हे एवढं वाचून दाखवा.

आणि सोडायचं काय, ते तुम्ही ठरवून तिला सांगू नका. मी वर एवढं सगळं लिहिलं ते तुमच्या डोक्यातला गलका कमी व्हावा म्हणून, तिच्यापुढे निकालपत्र वाचायला नाही. १६८ तासांचा कागद तिच्यापुढे ठेवा, आकडे तिला भरू द्या, बेरीज तिला करू द्या. ती माझ्यापेक्षा वेगळं काही काढेल, कदाचित मॉडेल यूएन ठेवेल आणि केमिस्ट्री ऑनर्सला बसेल. चालेल. बेरीज १६८ च्या आत आली पाहिजे आणि झोपेचा आकडा सर्वांत आधी लिहिला पाहिजे, एवढ्या दोन अटी घाला आणि गप्प बसा. गप्प बसणं जड जातं, मला माहितीये. मी भांडी घासायला घेते.

फॉर्म पुढच्या शुक्रवारी आहे म्हणालात. तर गुरुवारी रात्री अकराला हा विषय काढू नका. या शनिवारी तिची इनडोअर मीट असेल, तिथून तिला आणायला बसऐवजी तुम्ही जा. मिस्टरांना घरी ठेवा. तिला आवडत असेल ते काहीतरी खायला न्या, मीटनंतर मुलं राक्षसासारखी खातात. गाडीत बोलणं सोपं जातं, दोघींची तोंडं समोर असतात, एकमेकींकडे बघायला लागत नाही. आणि पार्कवे हायवेला लागायच्या आतच ती झोपली तर उठवू नका. कागद रविवारी करता येईल.

– तुमची ताई